भिंतीकडे फिरवलेली सूर्यफुलं

मंगळवार, दिवेलागण. काचीगुडा.

भाषावार प्रांत होऊन हैदराबाद राज्य मोडणार म्हणून शाळेत सध्या एकच विषय, कोण हैदराबादेत राहणार आणि कोण मराठवाड्यात जाणार. आज मोठ्या बाई त्या नव्या ड्रॉइंगवालीला, मालतीला, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू मात्र इथेच राहा गं." मला कोण म्हणालं? इतकी वर्षं ड्रॉइंग मीच शिकवतेय ना?

असं काय करते ती? त्या प्रसिद्ध विलायती चित्रकाराची सूर्यफुलं मुलींना दाखवते, मग चित्र भिंतीकडे फिरवते आणि म्हणते, "आता तुमची काढा." कुणाची फुलं निळी, कुणाची रडकी. तरी मोठ्या बाई खूश! मी तेच चित्र चौकटी आखून हुबेहूब उतरवून घेते. आज पट्टी हातात घेतली, तर मुली ओरडल्या, "बाई, नक्को ना चौकटी!"

जळफळतच घरी आले. म्हटलं, त्यात काय एवढं? माझ्याकडची सूर्यफुलं भिंतीकडे फिरवली आणि कागद घेऊन बसले. कितीतरी वेळ बसले. एक फूल आठवेल तर शपथ. डोळ्यांपुढे नुसत्या माझ्या चौकटी.