टोप्यांच्या आतलं गणित

प्रिय कोन्सिंग मावशीस,

तुझा हात कपाळाला लावून नमस्कार. गुडघा कसा आहे? कोंबडा अजून भरदुपारी आरवतो का? (आमच्या चित्रपटात तो चार ठिकाणी आरवलाय, त्यातल्या एका ठिकाणी नायिका रडतेय.) मी खुशाल आहे. निदान तू हे पत्र वाचून संपवेपर्यंत तरी.

पोरं परीक्षेत कॉपी करतात यावर माझा चित्रपट चाललाय, हे तुला ठाऊकच आहे. त्या रविवारी तुझ्याच वर्गात, तुझ्याच दहावीच्या पोरांना घेऊन शूटिंग केलं. कॅमेरा लग्नांचं शूटिंग करणाऱ्याचा, उसना. डोक्यावर काही पांढरं दिसलं की त्याला नवरीच वाटते आणि तो तिथून हलत नाही. त्यात पोरांच्या डोक्यांवर तुझ्या हुकमाच्या परीक्षेच्या टोप्या! शेजाऱ्याच्या पेपरात डोकावता येऊ नये म्हणून घरून बनवून आणलेले अंड्यांचे ट्रे, बुटांची खोकी, एकाची तर चक्क मासळीची टोपली. अगं, काय ते दृश्य! तेवढ्यात मला सुचलं, कॉपी रोखणाऱ्या टोपीच्या आतच उत्तरं लिहिली तर?

आता उत्तरं खरी हवीत, नाहीतर प्रेक्षक हसतील. तू सांगितलं होतंस, जुन्या प्रश्नपत्रिका कपाटात खालच्या खणात आहेत. मला वाकायचा कंटाळा आला, मी वरचा खण उघडला. त्यात प्रश्नपत्रिका होती, सोबत उत्तरंही टाचलेली! म्हटलं, मावशी किती टापटिपीची. चाळीस टोप्यांत मी स्वतः, सुवाच्य अक्षरात उत्तरं लिहिली. मग सगळ्यांनी पान्सितच्या शेवया खाल्ल्या, पोरं टोप्या घालून घरी गेली, आणि सोमवारी त्याच टोप्या घालून तुझ्या गणिताच्या पेपराला बसली.

हो. तोच पेपर. (पाणी पी.)

एकोणचाळीस पोरांना पन्नासपैकी अठ्ठेचाळीसच्या वर! टोपीमुळे मन एकाग्र होतं, असं तू अख्ख्या बाजाराला सांगितलंस, आणि शुक्रवारी पालकसभेत तुझा सत्कार आहे. उरली एक रोविलिन, माझी नायिका. तिची टोपी मी जवळून चित्रण करायला ठेवून घेतली होती. ती बिचारी कोरी टोपी घालून आली आणि तिला एकोणीस पडले. तू तिच्या आईसमोर म्हणालीस, "सगळ्या वर्गात ही एकटीच बिनअभ्यासाची!" आईने तिचं शूटिंगला येणं बंद केलं. पोरीने मार खाल्ला, पण वर्गातल्या एकाचंही नाव घेतलं नाही. मावशी, मला फार लाज वाटते गं. वर्गात स्वतःच्या अकलेचे गुण तेवढे तिचेच आहेत. शुक्रवारच्या आत तिच्या आईला जाऊन सांग. सगळा दोष माझ्यावर टाक. तो माझाच आहे.

तुझा (कालपर्यंतचा) लाडका,
बोयेत

ता. क. पेपर पुन्हा घेशील तेव्हा आधी टोप्या उलट्या करून बघ.

ता. क. २. रोविलिन परत आली तर रविवारी सकाळी नऊला शेवटचा प्रसंग आहे : बाई कॉपी पकडतात. तीन बायका पाहिल्या, एकीलाही धड रागावता येत नाही. तेव्हा आत्ता आलाय तो राग गिळू नकोस, घरी कुणावर काढूही नकोस. तसाच घेऊन ये. तू दारातून आलीस की कॅमेरा चालू होईल. पहिल्या बाकावर मीच बसतोय. डोक्यावर जाड पुठ्ठ्याची टोपी आहे, हात आखडू नकोस.