झाकण काही बसेना

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, मागच्या पत्रात द्यायचे राहिले होते ते धरून. नवीन दात बसले का, आणि बसले असतील तर ते लावून जेवतोस की खिशात घालून फिरतोस, ते कळव. इकडे सगळे उभे आहेत. खुशाल म्हणवत नाही, कारण दीड महिना आमच्या घरात पत्रा कापायचं काम चालू होतं आणि तो आवाज ऐकून माणसाचे दात कसे शिवशिवतात हे तुला सांगायला नको (तुला दातच नव्हते, तू सुटलास). पत्र सून लिहिते आहे. शाळेतून दमून आली तरी बसली आहे. मी बोलेन ते जसंच्या तसं लिही म्हटलं आहे, पण तिच्या नवऱ्याचा विषय निघाला की तिचं पेन अडखळतं. आता अडखळलं. लिही गं, मामा काही परका नाही.

तुझ्या भाच्याची नोकरी गेली ते तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढली, आणि एका सोमवारी त्यांनी त्याचा विभागच बंद केला. त्यानंतर पाच महिने हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवायला हाक मारली की दोन घास खाणार आणि ताट सरकवणार. त्रेपन्न वर्षांच्या लेकाला मांडीवर घेऊन भरवता येत नाही रे, आणि रागवावं तर तो उलट उत्तरही देत नाही. उलट उत्तर न देणारा मुलगा मी कधी जन्माला घातला नव्हता. अशात एक दिवस तो उठला आणि म्हणाला, कॉम्प्युटरसाठी पेटी करणार, स्वतःच्या हाताने, पत्र्याची. कॉम्प्युटरला चांगली काळी विकतची पेटी होती. ती त्याने त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली, म्हणजे माघार घ्यायची सोय नको. तेव्हापासून तो कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर उघड्या आतड्यांनिशी पडून होता आणि आम्ही तिघं जमिनीवर जेवत होतो. पण मी एका शब्दाने कुरकुर केली नाही (सून मान वर करून बघते आहे. बरं, केली असेल थोडी).

माळ्यावरून तुझ्या मेव्हण्यांची हत्यारं खाली आली. कात्री, लाकडी हातोडा, कानस, गुण्या, सगळं तेलात बुडवून ठेवलेलं मी. आणि आला एक भला मोठा पत्रा. हा ड्रॉइंगवाला, तेव्हा आधी चार दिवस कागद. कागदावर पेटी इतकी सुरेख होती की तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. मग पत्रा कापला, दोन लोखंडी पट्ट्यांत धरून दुमडला, रिव्हेट मारले, आणि कॉम्प्युटरचे सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती हिरवी पाटी आत ठेवायला गेला तर ती जाईना. केसभर कमी. का कमी, ते मी पलंगावरून बघत होते आणि मला दिसत होतं. पत्रा दुमडला की प्रत्येक दुमडीत थोडा जातो, कागदासारखा तो नुसता वळत नाही. बत्तीस वर्षं मी तुझ्या मेव्हण्यांसमोर पत्र्याचं दुसरं टोक धरून उभी राहिले आहे. टाक्या, ट्रंका, धान्याच्या कोठ्या, सगळ्यांना माझे हात लागलेले. पण मला कोणी विचारलं नाही. जिला अक्षर ओळखता येत नाही तिला मिलीमीटर काय कळणार? मीही ठरवलं, विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. या वयात माणसाकडे दुसरं असतं काय, थोडासा अहंकार आणि दुखरे गुडघे.

दुसरी पेटी केली ती इतकी ऐसपैस झाली की पाटी आत खडखडायला लागली. तिसरी बसली. मग झाकण. झाकण त्याने त्याच कागदावरून, पेटीच्याच मापाचं कापलं. आता तूच सांग, पेटी आणि झाकण एका मापाचं असेल तर कोण कोणावर बसणार? पहिलं झाकण बसेना, दुसरं एका कोपऱ्यावर बसलं की दुसरा कोपरा उठायचा, तिसरं हातोडीने बसवलं ते निघेना, आणि निघालं तेव्हा पेटीची एक बाजू घेऊनच निघालं. त्याने ते खाली ठेवलं. हत्यारं पुसली, गोणपाटात गुंडाळली, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. सून दारात उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि माझा अहंकार तिथल्या तिथे उतरला.

मी आत जाऊन म्हटलं, ऊठ. तुझ्या बापाने उभ्या जन्मात झाकणाचं माप कागदावरून घेतलं नाही. आधी पेटी करायची, मग पत्रा त्या पेटीवरच ठेवून झाकण आखायचं. पेटी वाकडी तर झाकणही तितकंच वाकडं, म्हणजे बसतं. तो उठून बसला आणि म्हणाला, "आई, हे तू महिनाभर पोटात ठेवलंस?" मी म्हटलं, "तू विचारलंस का?" "तुझ्यासारखी बाई बघितली नाही." "मग आता बघ आणि पत्रा धर." उलट उत्तर आलं, धाकट्या. माझे कान निवले.

पुढचे आठ दिवस आम्ही मायलेकांनी काम केलं. कागद मी उचलून फडताळात अंथरला, मापं सुतळीला गाठी मारून घेतली, आणि चौथी पेटी अशी उतरली की काय सांगू! कडा दुमडून आत घेतलेल्या, सांधे वितळलेल्या कथलाचा डाख देऊन बंद. झाकण बसताना हवा सुटल्याचा आवाज आला. तुझ्या मेव्हण्यांच्या कोठीत मुंगी शिरत नसे, या पेटीत तर मुंगीचा विचारही शिरला नसता. मी शेजारच्या शिंपीणबाईला बोलावून दाखवली. तिने सगळीकडून हात फिरवला आणि विचारलं, "वायर कुठून घालायची हो?"

भोकं नव्हती. वायरीचं नाही, पंख्यांची नाहीत, एकही नाही. ती सगळी त्या कागदावर होती, आणि कागदावर आमचे डबे. मी नको म्हणत असताना त्याने वायरीपुरती एक फट पाडून बटण दाबलं, तर कॉम्प्युटर थोडा वेळ घुरघुरला, तापला आणि गुदमरून बंद पडला. मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा भिंतीकडे. तर तो पेटीकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि खाली बसून हसायला लागला. असा हसला की सून स्वयंपाकघरातून पळत आली. मग मीही हसले, काय करणार, चूक माझी होती. डबे हलवले, कागद काढला, तेलाचे डाग टाळून भोकं मोजली आणि एकेक पाडली. आता पेटी टेबलावर आहे, आम्ही अजून जमिनीवरच आहोत, आणि मी फार दमले आहे. लहान-मोठ्यांना ज्याचे त्याचे आशीर्वाद वाटून दे.

तुझी,
ताई

ता.क. पेटी परवा पूर्ण झाली. कालपासून तो रिकाम्या हाताने घरभर फिरतो आहे आणि मध्येच त्या भिंतीजवळ थांबतो. तेव्हा तू त्याला पत्र्याची एक पेटी करून माग. कॉम्प्युटर तुझ्याकडे नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तुझ्या त्या घड्याळं दुरुस्त करायच्या हत्यारांसाठी माग. एखादं माप चुकीचं दे, म्हणजे काम दोनदा करावं लागेल. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

ता.क. दुसरा. मामा, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, सासूबाईंना सांगितलेलं नाही. पेटीला झाकण नक्की सांगा. झाकणावरून त्या दोघांचं भांडण होतं, आणि भांडण झालं की हे पोटभर जेवतात. आपली, भाचेसून.