कायम झाल्याचे पेढे

मंगळवार, बदलापूर

आज उल्हासनगरच्या कोर्टात सुनेच्या बाजूने साक्ष दिली. पोटच्या मुलाविरुद्ध. नातीची पोटगी थकवून हा जजसाहेबांना सांगत होता, "मला नोकरीच नाही." मग दसऱ्याला आपल्या देवापुढे पेढे कसले ठेवलेस? अंबरनाथच्या कंपनीत कायम झाल्याचेच ना! तेच सांगितलं, कंपनीच्या नावासकट. आता पोटगी पगारातूनच कापली जाणार.

बाहेर येऊन म्हणाला, "आई, तू माझी की तिची?"

"नातीची. आणि रात्री जेवायला ये."

देवापुढचे पेढे कोर्टात काढले, चुकलं का? नाही. खोटं त्याने बोलायचं आणि लाज मी धरायची?

आला. जेवला. हात धुताना हळूच विचारलं, "कितवीत आहे गं ती आता?"

"तिसरीत," म्हटलं. "पेढे तिलाही आवडतात."