रचना : वधूची आई

आई, तुझ्या ओळी आता कायद्यानं माझ्या आहेत. लिहिणारा गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो आणि तुला माझ्याशिवाय कोणी नाही. ही साठ वर्षांची गोष्ट मी नव्या कवींना नेहमी सांगते. इथे रायपुरात, तेलीबांध्याला तलावाजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी ही मुलं जमतात, बरीचशी हिंदीत लिहिणारी, काही छत्तीसगढीत, एखाददुसरी मराठीत. मी कायद्याची नोकरी करते म्हणून मला बोलावतात. मी सांगते, कविता कागदावर उतरली की हक्क तुमचा झाला, नोंदणी केली नाही तरी. प्रकाशकाचा करार वाचल्याशिवाय सही करू नका. किती वर्षांसाठी देताय, कुठल्या भाषांसाठी, सगळं लिहून घ्या. आणि सगळे हक्क देऊन टाकलेत तरी एक उरतोच, कवितेला आपलं नाव असण्याचा. हे शेवटचं वाक्य मी जरा थांबून, सगळ्यांकडे बघत बोलते. ते थांबणं आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

तात्यापाऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू पोळ्या लाटतेस आणि मधेच पोळपाटावर लाटण्याने ठेका धरतेस, लघु-गुरू मोजतेस. समोर पाटावर कोणीतरी नवरीची आई बसलेली असते. रायपुरातल्या आपल्या मराठी लोकांत लग्न ठरलं की हॉलच्याही आधी तुझ्याकडे येत. नवरी कशी आहे, मामाचं गाव कोणतं, सासरी कोण कोण आहे, असं सगळं विचारून घेत तू आठ कडवी करायचीस. सगळ्यांची नावं वृत्तात बसली पाहिजेत, मामा सुटला तर रुसवा ठरलेला. ‘जाते लेक घरातुनी निघुनिया, डोळ्यांत ठेवा तिला’ ही ओळ मात्र तू प्रत्येकीला दिलीस. मग ती मंगलाष्टकं गुलाबी कागदावर छापली जायची आणि खाली असायचं, ‘रचना : वधूची काकू’, नाहीतर मावशी, आत्या. मला वाटायचं, तू भोळी आहेस आणि लोक तुला लुटतात. बाबा गेले तेव्हा मी लहान होते, आणि विधवेचं नाव मंगलकार्याच्या कागदावर घालत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू तर नाहीच.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि मला नोकरी लागली. अंगात कायदा शिरला होता. त्याच सुमारास शेजारच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली होती, हातात तो कागद होता, आणि मी वाढायला आलेल्या नवरीच्या काकूंना भर पंगतीत अडवलं. म्हटलं, काकू, हे माझ्या आईनं लिहिलंय, तुमचं नाव कसं? काकूंनी भाजीचं भांडं खाली ठेवलं. “हव बाई, ठाऊक आहे आमाले. पण मंगलाच्या कागदावर तिचं नाव कसं टाकू आमी? इतकी शिकली तू, तुले समजत काहून नाही?” त्या रागाने बोलल्या नाहीत, तेच वाईट झालं. तू मागे स्वयंपाकाच्या दाराशी उभी होतीस, तिथूनच आलीस आणि माझा दंड धरून म्हणालीस, “चाल, जेवून घे.” रिक्षाने घरी आलो. दार लावल्यावर म्हणालीस, “आजवर साऱ्यांनी झाकून ठेवलं होतं. तू उघडं केलं.”

त्यानंतर तुझ्याकडे कोणी आलं नाही. त्यांना तुझ्यासमोर पाटावर बसायला अवघड वाटू लागलं असावं. पोळपाटावरचा ठेका थांबला. मी तुझा हक्क मागायला गेले आणि तुझं लिहिणंच घालवून बसले.

आता तुझ्या नातीचं लग्न आहे. मी जुने गुलाबी कागद शोधून तुझीच कडवी काढली, फक्त नावं नवी बसवली. मामा नाही, म्हणून मामाच्या जागी तुला बसवलं. जमलंय बऱ्यापैकी, एक लघु जरा ओढून म्हणावा लागतो. विहीणबाई चांगल्या आहेत. परवा घरी आल्या होत्या, कागद वाचून त्यांचे डोळे भरले. मग म्हणाल्या, “रचनेखाली तुमचंच नाव टाका ना. सवाष्ण आहात. जुन्या लोकायले बरं वाटते.” आणि मी, रविवारी थांबून थांबून बोलणारी बाई, म्हणाले, “हो, तसंच करू.” चहा गार व्हायच्या आत झालं सगळं. त्या गेल्यावर तुझी नात म्हणाली, “मम्मी, ये तो नानी का है ना?” मी म्हटलं, नानीचंच आहे ग, पण तुझ्या सासरी कोणाच्या कपाळाला आठी नको. तिने खांदे उडवले.

आज हॉलमध्ये एका मुलीने विचारलं, “दीदी, जिसने लिखा वो अब नहीं है, और कोई दूसरा अपना नाम डाल दे, तो लड़ेगा कौन?” मी म्हटलं, वारस. आवाज नेहमीसारखाच निघाला. तिने ते लिहून घेतलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, जाऊ दे, पोरीचं लग्न नीट होऊ दे. पण तू असं म्हणशील या भरवशावरच तर सगळ्यांनी तुझं घेतलं, आणि आता मीही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी. दुपारी प्रेसवाल्याने कागदाचा फोटो पाठवला. ‘रचना : वधूची आई’, आणि पुढे माझं नाव, ठळक अक्षरात. मी ‘ठीक आहे’ असं कळवून टाकलं. आणि आई, तुझ्या ओळींखाली माझं नाव बघून मला घटकाभर फार बरं वाटलं.