मूकाभिनयातला नळ

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)

ती. शालूमावशीस सुरुचीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? (फोनवर तू "बरा आहे" म्हणतेस, म्हणून कागदावर विचारतेय.) इकडे सगळे मजेत; मी जरा जास्तच. सोसायटीच्या वर्धापनदिनाला मी मूकाभिनय केला. नाटक मराठीत, हिंदीत की गुजरातीत, यावर दोन मीटिंगा फुकट गेल्या, तेव्हा मीच म्हटलं, एकही शब्द नको. सेक्रेटरी यतीनभाई लगेच म्हणाले, "मतलब गूंगे का रोल?" मी समजावलं, मुका असतो तो अभिनय, माणूस नव्हे, मी करतेय त्या बाईला बोलता येतं, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. (घरी आल्यावर शंका आली: ऐकू येत नाही, की ती बोलतच नाही? कोशात "न बोलता केलेला अभिनय" एवढंच निघालं.) "पब्लिक को समझेगा नहीं," म्हणून ते माईकवर हिंदीत सांगायला माणूस ठेवत होते. मी हट्टाला पेटले. एकाला जरी कळलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हे बंद, खुशाल गरबा ठेवा, म्हटलं.

विषय साधा. पाणी आलंय, बाई भरतेय. नळ सोडला, बादली भरली, बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि बेल वाजल्यासारखी दाराकडे गेले. नळ बंद करायचा राहिला! इथे पाण्याचे दिवस ठरलेले, त्यामुळे समोरची मंडळी चुळबुळायला लागली. मागून शेजारचा अमोल ओरडला, "ओ वहिनी, पाणी चाललंय!" लगोलग कुणीतरी, "अरे मैडम, नल!" आणि मी नसलेल्या दारात, नसलेल्या कुरियरवाल्याला सही देत उभी, बोलायची मला बंदी. शेवटी पहिल्या रांगेतल्या हंसाबेन "बंध कर ने, दीकरी!" करत स्टेजवर चढल्या, हवेत मूठ फिरवून नळ बंद केला आणि साडी भिजू नये म्हणून काठ उचलून उतरल्या. टाळ्या थांबेनात. यतीनभाई म्हणाले, "समझ गया. सबको समझ गया."

मूकाभिनयात नटाने गप्प बसायचं असतं, प्रेक्षकांनी नव्हे. हा अर्थ मात्र कोशात नव्हता.

तुझी,
सुरुची

ता. क. पुढच्या वर्षी दोघींचा प्रवेश ठरलाय, पाण्यावरून भांडण. न बोलता भांडेल अशी बाई आमच्या इमारतीत नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर तू नुसत्या भुवईने आमच्या हातातला लाडू ताटात परत ठेवायला लावायचीस. येतेस का? पत्र खरं त्यासाठीच.

ता. क. २. आत्ताच लेकीने, अनुष्काने, मोबाइलवरचं शूटिंग दाखवलं. दाराकडे जाताना मी डाव्या हाताने नळ व्यवस्थित बंद केलाय. कुणालाच कळलं नाही, मलासुद्धा. म्हणजे हंसाबेननी तो उघडला, आणि माझ्याच अटीप्रमाणे हा कार्यक्रम बंद व्हायला हवा. मी अजून कुणाला बोललेले नाही. तूही बोलू नकोस.