बक्षिसाच्या मशीनचे आगाऊ आभार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघे सध्या टेकत नाहीत, तेवढे वगळून बाकीची अंगं हजर आहेत असं समज). तुझा रक्तदाब काय म्हणतो? भावोजींचा आवाज चढला की तुझा दाबही चढतो असं डॉक्टर म्हणाले होते, त्यामुळे काळजी वाटते. भावोजींची तब्येत विचारत नाही, ती ठणठणीत असणारच. बिघडते ती त्यांच्या आसपासच्यांची. इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मशीन मिळाल्याची बातमी तुला मीच फोनवर ओरडून सांगितली होती. वॉशिंग पावडरच्या कंपनीनं घोषवाक्याची स्पर्धा ठेवली होती, त्यात रिकाम्या पुड्यांसोबत मी धाडलेलं ‘डाग जाईल, आठवण राहील’ हे वाक्य पहिलं आलं आणि कपडे धुण्याचं मशीन बक्षीस मिळालं. आता डाग गेला नाही आणि आठवण मात्र जन्मभर राहणार आहे, ते असो. हिचं मनगट बरेच महिने धरलंय, हे तुला ठाऊक आहे. साधं बरणीचं झाकण उघडायचं तरी डावा हात लागतो. हिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही (मी देईन असं वाटलं नसावं), तेव्हा आपण होऊन हिला काहीतरी देता येतंय या आनंदात माझं डोकंच फिरलं.

आमच्या ऑफिसात आभारप्रदर्शन कायम माझ्याकडे असतं. पंखा दुरुस्त झाला तरी वायरमनचे आभार मीच मानतो आणि निवृत्त होणाऱ्यांना त्यांच्या अंगी कधीच नसलेले गुण मीच चिकटवतो. बक्षीस समारंभात माइक समोर आला, मग काय विचारतेस. खोकं अजून दोरीनं बांधलेलं होतं आणि मी सांगून मोकळा झालो की या यंत्रानं माझ्या पत्नीचे कष्ट कायमचे संपवले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच कुणीतरी एक कागद पुढे केला आणि ‘वस्तू सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली मी झोकात सही ठोकली. ही खाली पहिल्या रांगेत बसून मानेनं ‘नको, नको’ करत होती. मला वाटलं, लाजतेय.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! घरी आल्याबरोबर मी धुण्याच्या मावशींना निरोप दिला. तोही साधासुधा नाही, खुर्चीवर बसवून, चहा देऊन, भाषण करून. त्यांच्या हातची स्वच्छता, वक्तशीरपणा (वक्तशीरपणा मी सवयीनं घातला), सगळं बोललो. मावशी डोळे पुसत गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पलीकडच्या दंतवैद्यांचं काम धरलं.

मग मशीन सुरू केलं. ते चालतं गं, न्हाणीघरातून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालतं. तिथे धापा टाकत थांबतं, पोटात पाणी धरून ठेवतं आणि दार काही केल्या उघडत नाही. माझी ऑफिसची पँट चार दिवस आत अटकेत होती. सुटली तेव्हा तिचा रंग माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. मी मावशींकडे गेलो, परत या म्हणालो. त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही इतकं छान बोललात. आता परत आले तर ते सगळं वाया जाईल.” यावर काय बोलणार? बोलून बोलूनच तर ही वेळ आली होती.

ताई, एक दिवस ऑफिसातून आलो तर ही न्हाणीघरात पाटावर बसून एका हातानं चादर घासत होती. दुखरा हात मांडीवर ठेवला होता. मला पाहून म्हणाली, “होतंच आलंय.” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बक्षीस मिळालंच नसतं तर मावशी राहिल्या असत्या आणि हिला ती चादर घासावी लागली नसती, हे डोक्यातून जाता जात नाही.

म्हणून तक्रारीला निघालो. मशीनवाले म्हणतात, बिल पावडरवाल्यांच्या नावे आहे, त्यांना भेटा. पावडरवाले म्हणतात, आम्ही पावडर करतो, मशीन नाही. पावडरवाल्यांच्या खिडकीतला तरुण फारच नम्र होता. म्हणाला, “तुम्ही ग्राहक नाही ना सर, विजेते आहात.” मला क्षणभर बरंच वाटलं. मग तो म्हणाला की धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे माइकसमोर तोंड उघडलेला माझा फोटो आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘कष्ट कायमचे संपले’. आपलेच दात, आपलेच ओठ. आल्या पावली परत फिरलो (येताना त्याचे आभार मानले, ती जित्याची खोड).

शेवटी ग्राहकांना सल्ला देणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, भाषणासकट. मग म्हणाल्या, “फुकट कुठे मिळालंय तुम्हाला? पुडे घेतल्याशिवाय स्पर्धेत शिरता येत नव्हतं ना? मग कबूल केलेली वस्तू धड द्यायला नको? पुडे कुणी घेतले होते?” मी म्हटलं, घरातच होते. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. घरातल्या वस्तू घरात आपोआप येत नाहीत, हे या वयात एका परक्या बाईसमोर ध्यानात येणं फार वाईट. तक्रार हिच्या नावानं केली. हिनं डाव्या हातानं सही केली, वाकडीतिकडी, पण आधी सगळा कागद वाचून. अजून उत्तर नाही, आणि माझा धीर सुटलाय.

तूर्त धुणं मी धुतो. कॉलर आतून घासायची असते, हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही? थांबतो, भिजत घातलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं कारण आता लिहितो. भावोजींना दोन दिवस पाठवतेस का? त्यांच्या आवाजापुढे टेलिफोनवाल्यांनी हात टेकले होते, मग पावडरवाल्यांची काय कथा. इतकी वर्षं तो आवाज आपण सोसला, आता एकदा त्याचा उपयोग होऊ दे. फक्त कपडे बेतानं आणायला सांग.

आणखी ता. क. त्याच कंपनीची नवी स्पर्धा निघालीय, पहिलं बक्षीस इस्त्री. मी भाग घेतलेला नाही. वाक्य सुचलंय, एवढंच.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवून टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. तुमच्या यजमानांना पाठवू नका. तक्रार माझ्या नावची, त्यामुळे कंपनीचा फोन मलाच आला. मशीन बदलून देतायत, उद्याच आणतो म्हणाले. मीच म्हटलं, एवढ्यात नको. मनगट आता पुष्कळ बरंय. पण कपडे पिळताना हे रोज मान वर करून विचारतात, “आज दुखतंय का गं?” लग्न झाल्यापासून असं कधी विचारलं नव्हतं. मशीन आलं की पुन्हा विचारायचे नाहीत. थोडे दिवस असेच जाऊ देत.