माकणीच्या माळावरचे लांडगे

३ डिसेंबर २०२४, माकणी

बारा वर्षांनी बलभीममामांच्या मेंढवाड्यावर आले. मामा तसेच — खांद्यावर घोंगडी, तोंडात शिव्या. चारही कुत्री अंगावर धावून आली, मग हुंगून गप्प बसली. उन्हाळ्याच्या सुट्टीत यांच्याच आज्या-पणज्यांना टेकून मी झोपायची. अंगाला वास अजून तोच. डोळे भरून आले. मामांना म्हटलं, धूळ गेली.

५ डिसेंबर

धरणाच्या वरच्या माळावर लांडग्यांचा एकच कळप उरलाय, सहा जनावरं. त्यांच्या विष्ठेच्या अकरा पुड्या बांधल्या. कुत्र्यांशी संकर झालाय का, ते डीएनएवरून बघायचंय. झाला असेल तर वनखातं कळप उचलून नेणार.

तुलनेला कुत्री हवीत. मामांचीच घेतली, गालातून कापूस फिरवला की झालं. मामा कुरकुरले, "हीच कशाला? गावातली घी की." ऐकलं नाही. खरं तर मला यांनाच हात लावायचा होता.

११ फेब्रुवारी २०२५, पुणे

निकाल वाईट. लांडगे आणि कुत्री यांच्यात डीएनएचे लांबच्या लांब तुकडे सारखे! एवढे लांब म्हणजे संकर अलीकडचा. जुना असता तर पिढ्यान्‌पिढ्या तुटून बारीक झाले असते. माझे मार्गदर्शक कुलदीप सर म्हणाले, "गेला कळप. अहवाल लिही."

जेवण गेलं नाही. लहानपणी दिवेलागणीला हे लांडगे ओरडायचे. मामी म्हणायची, "आले बग तुजे पावणे." आता तिथं नुसत्या पवनचक्क्या ऐकायच्या.

१४ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी

कुत्र्यांशी संकर निघालाय, लांडगे जाणार, हे सांगायला मामांना फोन केला. म्हणाले, "हर्षे, लांडग्यांचा काय बी दोष न्हाय. आमीच केलंय ते."

त्यांच्या आज्यापासूनची रीत म्हणे. कुत्री माजावर आली की माळाच्या कडेला बांधून यायची, लांडगा यावा म्हणून. पिलं राखणीला लई तिखट निघतात. बाहेर बोलायचं नाही, गावानं कुत्री ठेचून मारली असती. "तुला बी न्हाय सांगितलं. घरची असून."

म्हणजे लांडग्यांची तुलना मी त्यांच्याच नातवंडांशी केली. तुकडे सारखे निघतील नाहीतर काय! गाढव आहे मी.

२० मार्च

तुळजापूर आणि कळंबच्या गल्लीबोळातली वीस कुत्री घेऊन पुन्हा तपासलं. लांडग्यांत कुत्र्याचा अंश नाही. सहांपैकी एकातही नाही. मामांच्या चौघांत मात्र चौथा हिस्सा लांडगा.

उड्या मारायला हव्या होत्या. पण पहिला निकाल का चुकला, हे लिहिल्याशिवाय सर दुसरा मानणार नाहीत. आणि लिहिलं की संकराची जनावरं मामांची ठरतात. ती उद्या लांडग्यांत मिसळू नयेत म्हणून त्यांची नसबंदी होणार. मामांच्या घरात हा वंश तीन पिढ्या चाललाय. त्यात माझं सगळं बालपण आहे, हे अहवालात कुठं लिहू?

२२ मार्च, माकणी

समोर बसून सगळं सांगितलं. मामा काठीनं माती उकरत राहिले.

"न्हाय लिवलं तर?"

"कळप नेतील, मामा."

"आन्‌ लिवलं तर ही."

मी मान हलवली. ते उठून मेंढरांकडं गेले. मामीनं केलेला चहा तसाच निवला. एसटीत लोकांदेखत रडले. लोकांना काय बघायचंय ते बघोत.

२९ मार्च, पुणे

अहवाल लिहून तयार. पाठवला नाही. सर रोज विचारतात, मी रोज तब्येतीचं कारण सांगते.

२ एप्रिल

धाराशिवहून जनावरांच्या डॉक्टरांचा फोन. कुणी बलभीम नावाचे म्हातारे चार कुत्री टेम्पोत घालून आले होते. नसबंदीचं ऑपरेशन करून टाका म्हणाले, आणि झालं की भाचीला फोन करून सांगा, म्हणजे ती तिचा कागद धाडंल.